बेणारेबाईंना कपडेपट नाही

रंगीत तालमीच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत वही उघडून बसले होते. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की आपण मोठा घोटाळा करून ठेवला आहे, आणि तो दुसऱ्या कुणी नव्हे, मीच केला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मी चँडलरमध्ये राहते. सिलिकॉनवर चढवायच्या पातळ थरांवर माझी पीएच.डी. झाली आणि आता पोस्ट-डॉकही त्यातच चालू आहे. म्हणजे नाटक हा माझा पोटापाण्याचा विषय नाही. पण पुण्यात कॉलेजला असताना तीन वर्षं मी 'पुरुषोत्तम'साठी कपडेपट सांभाळला. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून भरवत असलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, आणि भरत नाट्य मंदिराच्या विंगेत दोन पत्र्याच्या ट्रंका, सेफ्टी पिनांचा डबा आणि इस्त्री घेऊन उभी असलेली मी. तुमच्यापैकी पुण्यात शिकलेल्या कित्येकांनी त्या विंगेत कधी ना कधी घाम पुसला असेल.

गेल्या वसंतात इथल्या एका कॉलेजच्या नाट्यविभागातल्या विद्यार्थ्यांनी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' करायला घेतलं. प्रिया आडारकरांचं इंग्रजी भाषांतर त्यांच्या अभ्यासक्रमात होतं. कपडे, मांडणी आणि पात्रांचा अभ्यास यासाठी 'तिकडचं कुणीतरी' हवं होतं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. सहा आठवड्यांच्या त्या कामातून मला हे नाटक जरा वेगळं वाचता आलं. तेच तुमच्यापुढे मांडते.

*

नाटक 1967 सालचं. रंगायननं केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, आणि लीला बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. सुलभाताई स्वतः शाळेत शिकवत असत, आणि बेणारेही शाळामास्तरीण. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात आलेली असते. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दलचा. (आमच्या तालमीत हे वाक्य आलं की पोरं हमखास हसायची.) साक्षीदाराच्या जागी सामंत नावाच्या गावातल्याच साध्या माणसाला उभं करायचं असतं. त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून दुपारी गंमत म्हणून एक खोटा खटला चालवायचा ठरतं. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. गमतीगमतीत खेळ खऱ्यावर येतो. बेणारेला प्राध्यापक दामले या विवाहित माणसापासून दिवस गेले आहेत आणि दामले आलेलेच नाहीत.

आता कपडेपट सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेनं हेच नाटक पाहा. त्यात वकिलाचा काळा गाऊन आहे. सुखात्मे वकील आहेत, पण वकिली फारशी चालत नाही, म्हणजे गाऊन चढवायची संधी बहुधा अशा खेळातच. मिसेस काशीकरांचा गजरा आहे आणि काशीकरांचा बुशशर्ट आहे. तो गजरा यांनी तिला घेतला आणि तो बुशशर्ट तिनं यांना, यावरून बेणारे सुरुवातीलाच थट्टा करते. पोंक्षेंचा पाइप आहे, कर्णिकांचं पान आहे. खटला सुरू झाला की प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही येतं. एक न्यायाधीश होतो, एक वकील, एक पट्टेवाला, बाकीचे साक्षीदार. दामले नसल्यामुळे सुखात्मे दोन्ही बाजूंचे वकील होतात. सामंतांसारखा भोळा माणूससुद्धा साक्ष देताना हातात एक कादंबरी धरतो आणि तिच्यातलं वाचून दाखवतो. त्यालाही आड लपायला काहीतरी मिळतं.

बेणारेला काही मिळत नाही. ती सकाळी घरातून जे नेसून निघाली, त्याच साडीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. इतरांना पात्रं आहेत, ती मात्र स्वतःच आहे. खेळ संपल्यावर सुखात्मे गाऊन काढतील, काशीकर खुर्चीवरून उठतील, आणि 'अहो, ते खोटं होतं' असं म्हणायला सगळे मोकळे. तिनं काय काढून ठेवायचं?

मला या नाटकाचं मर्म इथं आहे असं वाटतं. वेश माणसाला झाकतो हे खरंच, पण त्याहून पुढे जाऊन तो माणसाला जबाबदारीतून सोडवतो. तेंडुलकरांनी हे कुठल्याही पात्राच्या तोंडी घातलेलं नाही. त्यांनी सात-आठ जणांना खेळातली सोंगं दिली आणि एकीला दिलं नाही, एवढंच. म्हणून या नाटकाची वेशभूषा हा सजावटीचा प्रश्न राहत नाही. ती चुकली तर नाटकच चुकतं, आणि आमचं चुकलं.

*

सुरुवात मात्र चांगली झाली होती. कपडे ठरवण्याआधी प्रत्येक पात्राला तीन प्रश्न विचारायचे असा मी नियम घातला. हा माणूस सकाळी किती वाजता घरातून निघाला? कशानं आला? आणि याचे कपडे कोण धुतं? तिसरा प्रश्न ऐकून विद्यार्थी आधी गोंधळले. इथं ज्याचे कपडे त्यानं मशीनमध्ये टाकायचे. पण 1967 च्या मुंबईत या प्रश्नाचं उत्तर म्हणजे अख्खं घर असतं.

काशीकरांचे कपडे मिसेस काशीकर धुतात, किंवा त्यांच्याकडे आश्रित म्हणून वाढलेला बाळू रोकडे इस्त्रीला नेतो. मग रोकडेच्या अंगात काय असेल? काशीकरांनी टाकलेले शर्ट, खांद्यावर उतरणारे. हे नाटकात लिहिलेलं नाही, आम्ही ठरवलं. पण ते ठरल्याबरोबर रोकडे करणाऱ्या मुलाचे खांदे आपोआप पडले. त्याला अभिनयाबद्दल काही सांगावं लागलं नाही. सुखात्म्यांच्या गाऊनला आम्ही डांबराच्या गोळ्यांचा वास दिला. प्रेक्षकांपर्यंत तो जात नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या नटापर्यंत जातो. सामंत गावचे, पाहुणे येणार म्हणून त्यांचे कपडे सगळ्यांत स्वच्छ आणि कडक.

बुशशर्ट कुठून आणायचे हा प्रश्न होता. तो चँडलरच्या गुडविलमध्ये सुटला. मेक्सिकन पुरुष घालतात तो ग्वायाबेरा तुम्ही पाहिला असेल. पँटच्या बाहेर सोडायचा, खाली दोन खिसे, वर दोन. उभ्या चुण्या उसवून टाकल्या की साठच्या दशकातल्या दादरच्या कुठल्याही काकांच्या अंगात शोभेल. आम्ही चार घेतले.

राहिली बेणारे. तिच्या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नव्हते. मोठी टिकली, रेशमी साडी, हातभर बांगड्या असं विद्यार्थ्यांचं पहिलं चित्र होतं. ते मी एका बैठकीत खोडून काढलं. स्वतः कमावणारी, लोकल पकडणारी, वेळेच्या आधी शाळेत पोचण्याचा अभिमान असलेली अविवाहित बाई ही. ती सुती वायल नेसेल, बारीक छपाईची, स्वतःच्या पगारातून घेतलेली. हातात घड्याळ, खांद्याला पर्स. त्या पर्समध्ये पुढे ढेकूण मारायच्या औषधाची बाटली सापडते, तेव्हा पर्स उघडायला सोपी हवी, पण उघडी दिसता कामा नये. मी आईला फोन केला. तिच्या पेटीत आजीची एक खटावची वायल होती. एका येणाऱ्या पाहुण्याबरोबर ती आली.

बेणारे करणाऱ्या मुलीचे आजोबा मेक्सिकोतल्या सोनोराहून आलेले. साडी हातात घेऊन तिनं कापड बोटांत चुरगाळलं आणि म्हणाली, "हे कापूस आहे ना? माझी आजी इथंच कापूस वेचायची." तुम्हाला कदाचित ठाऊक असेल, आज जिथं चिपचे कारखाने आणि आपल्या घरांच्या ओळी आहेत तिथं पूर्वी कापसाची शेतं होती. लांब धाग्याचा पिमा कापूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्याच सॅकॅटनच्या प्रयोगशेतात तयार झाला. चँडलरपासून ते गाव अगदी जवळ आहे. मला तिच्या बोलण्याचा फार आनंद झाला. आता ही साडी हिची झाली, असं वाटलं. वहीत मी 'बेणारे: झालं' असं लिहून खाली रेघ मारली.

*

आणि मग रंगीत तालीम.

दिवे आले. सामंत आणि बेणारे हॉलमध्ये आले. मागून एकेक करून मंडळी आली. आणि रंगमंचावर मला काय दिसलं? शर्ट-पँटमधली सहा साधी माणसं आणि वेशभूषा केलेली एक बाई.

मिसेस काशीकरांनाही साडी होतीच, पण त्या खुर्चीत विणकाम घेऊन बसलेल्या आणि नवऱ्याच्या आडोशाला. डोळा जात होता तो बेणारेकडेच. माझ्या शेजारी बसलेल्या प्रकाशयोजनेच्या मुलीनं हळूच म्हटलं, "किती सुंदर दिसतेय ती!" माझ्या पोटात खड्डा पडला.

1967 च्या मुंबईत वायलची साडी नेसलेली शिक्षिका कुणाच्या नजरेत भरली नसती. स्टेशनवर तशा शेकडो. तिचा वेश हा वेश नव्हताच. चँडलरच्या रंगमंचावर तीच साडी सगळ्यांत झगझगीत वस्तू ठरली आणि ग्वायाबेरा घातलेले पुरुष शेजारच्या घरातले वाटले. म्हणजे तेंडुलकरांनी जिला काही दिलं नव्हतं तिलाच मी सोंग देऊन ठेवलं होतं. कापडाशी मी इतकी इमानदार राहिले की नाटकाशी बेइमानी झाली.

ही चूक फक्त माझी नाही, असं आता वाटतं. परदेशात आपण साडीकडे कसं पाहतो ते आठवा. गणपतीला, पाडव्याला, मंडळाच्या कार्यक्रमाला ती कपाटातून निघते. मुलींना शिवलेली नऊवारी, मुलांना तयार फेटा. फोटो झाले की पार्किंगमध्येच अर्धं उतरवायला सुरुवात. यात वाईट काही नाही, मीही तेच करते. पण त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की साडी नेसली म्हणजे पात्र झालं. आपल्या रंगभूमीला हा मोह जुनाच आहे. बालगंधर्वांच्या साड्या आणि दागिने पाहायला बायका जात आणि घरी येऊन तसंच नेसायच्या प्रयत्नाला लागत. त्यात त्या काळाचा एक खरा आनंद होता. पण तेंडुलकर, रंगायन आणि पुढे छबिलदास शाळेतली 'आविष्कार'ची मंडळी यांनी नेमकी याच्या उलट वाट धरली. शाळेच्या हॉलमध्ये, हाताच्या अंतरावर बसलेल्या प्रेक्षकांसमोर, रोजच्या कपड्यांत नाटक. मी त्या वाटेवरचं नाटक घेऊन बालगंधर्वांच्या वाटेनं चालले होते.

*

प्रयोगाला आठ दिवस होते. दिग्दर्शिका एकवीस वर्षांची, चँडलरमध्येच वाढलेली. तिनं सुचवलं की बेणारेला सरळ इथल्या शिक्षिकेसारखं करू: कार्डिगन, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मी विरोध केला, पण तिच्या म्हणण्यात तथ्य होतं हे मान्य करते. शेवटी दोन गोष्टी केल्या.

पहिली अशी की त्या मुलीनं उरलेले आठही दिवस साडी रोज नेसायची. तालमीपुरती नव्हे. साडी नेसून वर्गात, साडी नेसून कँटीनमध्ये, साडी नेसून लाइट रेलमध्ये. मी तिला पदर पिनेशिवाय सांभाळायला शिकवला. तिसऱ्या दिवशी ती चिडून म्हणाली की कुणी ना कुणी येऊन कौतुक करतं आणि मग मी 'काय करते, कुठली आहे' ते विचारतं. सहाव्या दिवशी ती त्यावर काही बोलेनाशी झाली. निऱ्या उजव्या हातानं उचलून जिना चढायला लागली, पदरानं चष्मा पुसायला लागली. पात्राचा अभ्यास म्हणून आम्ही जी पंचवीस पानं लिहून काढली होती त्यांनी जे साधलं नव्हतं ते यानं साधलं.

दुसरी गोष्ट प्रयोगाच्या संध्याकाळची. प्रेक्षक येत होते तेव्हा दारात कार्यक्रमपत्रिका वाटायला बेणारे उभी. लोकांना जागा दाखवत होती, म्हाताऱ्यांना हात देत होती, लहान मुलांशी बोलत होती. बेणारे नाटकाच्या आरंभी तशीच तर आहे, सगळ्यांच्या आधी येऊन सामंतांशी मोकळेपणी गप्पा मारणारी. नाटक सुरू होईपर्यंत प्रेक्षकांना त्या साडीची सवय झाली होती. आणि दिग्दर्शिकेनं रंगमंचाच्या मध्यभागी मागे एक खुंटी ठोकली. तिच्यावर काळा गाऊन, पहिल्या क्षणापासून सगळ्यांना दिसेल असा. आता नजर तिकडे जायला लागली. हा गाऊन कोण घालणार?

मांडणीतली दुसरी अडचण दाराची होती. नाटकात कडीला फार मोठं काम आहे. सुरुवातीला बेणारेचं बोट कडीत चेमटतं, आणि पुढे ती बाहेर पडायला धावते तेव्हा तीच कडी अडकून बसलेली असते. सेट करणाऱ्या मुलांना हे पटेना. अमेरिकेतल्या सार्वजनिक इमारतीचं दार आतून ढकललं की उघडलंच पाहिजे. आडव्या दांड्यावर जोर दिला की झालं, आगीच्या भीतीनं तसा कायदाच आहे. दारानं माणसाला कोंडून ठेवावं ही कल्पनाच त्यांना परकी. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी बोल्ट आणला, पाण्यात ठेवून गंजवला आणि बेणारेला तो खरोखर ओढायला लावला. तिच्या बोटाला खरंच लागलं. त्यानंतर सेटवरच्या कुणीही त्या दाराबद्दल शंका काढली नाही.

*

पात्राचा अभ्यास म्हटला की कायद्याकडेही जावं लागलं आणि तिथं माझी मान खाली गेली. बेणारेवर आरोप ठेवताना काशीकर भारतीय दंडविधानाचं कलम 302 म्हणतात. मी हे नाटक किती वेळा वाचलं असेल, पण हे कलम खुनाचं आहे आणि गर्भपाताचं कलम 312 होतं, हे एका विद्यार्थ्यानं शोधून काढल्यावर मला कळलं. गंमत अशी की सुखात्मे वकील आहेत. ते हरकत घेत नाहीत. कोर्टाचा सगळा थाट आहे, गाऊन आहे, हातोडा आपटणं आहे, पण कायदा काय म्हणतो याची तिथं कुणालाही फिकीर नाही. आणि शेवटी काशीकर शिक्षा काय देतात? भ्रूणहत्येचा आरोप ठेवलेल्या बाईच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. जो गुन्हा म्हणून सांगितला तीच शिक्षा म्हणून फर्मावली. आणि याच खेळात, शाळेच्या अध्यक्षांनी तिला नोकरीवरून काढायचं ठरवलंय ही खरी बातमीही बाहेर येते.

हे नाटक आलं तेव्हा भारतात हा प्रश्न सरकारी पातळीवर चर्चेत होता. 1964 साली नेमलेल्या शांतिलाल शाह समितीनं 1966 मध्ये अहवाल दिला आणि 1971 साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. नाटक या दोन तारखांच्या मध्ये उभं आहे. तोवर अंमल होता तो 1862 पासून लागू झालेल्या दंडविधानाचा.

आणि ॲरिझोनात? तुम्ही इथं राहत असाल तर विसरला नसाल. 9 एप्रिल 2024 ला इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1864 चा गर्भपातबंदीचा कायदा अजूनही लागू होऊ शकतो असा निर्णय दिला. 1864 मध्ये ॲरिझोना हे राज्यसुद्धा नव्हतं. मे महिन्यात विधिमंडळानं तो कायदा रद्द केला आणि नोव्हेंबरात मतदारांनी प्रस्ताव 139 मंजूर करून हा हक्क राज्यघटनेतच घातला. आमच्या नटमंडळींतल्या बहुतेकांनी त्या नोव्हेंबरात आयुष्यातलं पहिलं मत दिलं होतं. त्यांना हे नाटक 'जुन्या भारतातलं' आहे असं समजावून सांगायची माझी तयारी होती. तशी गरजच पडली नाही. 1862 आणि 1864 या दोन आकड्यांखाली एका मुलीनं फळ्यावर एकच रेघ ओढली आणि आम्ही पुढे गेलो.

*

प्रयोग चांगला झाला. पण समीक्षा करायची तर त्यातलं उणंही सांगायला हवं, आणि ते मोठं आहे.

बेणारेसाठी आम्ही साडी आणली, कायदा वाचला, औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा हातानं रंगवलं. शेवटच्या अंकात काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात आणि सगळे गोठून उभे असताना तिचं ते लांबलचक स्वगत होतं. ते त्या मुलीनं असं केलं की प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही. पण काशीकर? त्यांच्यासाठी आम्ही काय शोधलं? एक बुशशर्ट आणि रोकडेच्या इस्त्रीची गोष्ट. काशीकर करणाऱ्या मुलानं आवाज जाड केला, भुवया चढवल्या आणि पहिल्या प्रवेशापासून खलनायक उभा केला. प्रेक्षक त्याला लगेच ओळखून मोकळे झाले. असल्या माणसाशी आपला काही संबंध नाही, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच कळलं.

खरे काशीकर असे नाहीत. ते समाजकार्य करतात, बायकोला गजरा आणतात, अनाथ मुलाला घरात ठेवतात, चार लोकांना घेऊन गावोगाव प्रबोधनाचे कार्यक्रम करतात. मिसेस काशीकर प्रेमळ आहेत. सामंत तर कुणालाही आवडावेत असे. हीच माणसं दुपारच्या फावल्या वेळात एका बाईचं आयुष्य उसवून टाकतात आणि संध्याकाळी कार्यक्रमाला तयार होतात. ती चांगली आहेत म्हणूनच नाटक भयंकर आहे. आम्ही अभ्यास केला तो फक्त बळी गेलेलीचा. न्याय करणाऱ्यांचा केला नाही, कारण ते आपल्याला माहीतच आहेत असं वाटलं.

माहीत होतेच. तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका घरी जेवणाला आम्ही दहा-बाराजणी होतो. आमच्यातली एक नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि ती त्या दिवशी आली नव्हती. पुऱ्या तळून होईपर्यंत तिची सगळी साक्ष झाली. कुणाची गाडी तिच्या दाराशी दिसली, मुलाला कोण आणतं, आईवडिलांना काय वाटत असेल. कुणी कडवट नव्हतं. सगळ्या हसतमुख, काळजीनं बोलणाऱ्या, मला पहिल्या वर्षी विमानतळावरून आणायला आलेल्या. मी श्रीखंड वाढत होते. मला त्यातलं एक वाक्य खोटं आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि मी ते बोलले नाही. वर्षभरानं ती हे गाव सोडून गेली. त्या जेवणामुळे गेली असं मी म्हणत नाही. पण मी काशीकरांच्या घरात जेवले होते आणि सामंतांसारखी गप्प राहिले होते, हे मला काशीकर करणाऱ्या त्या मुलाला सांगता आलं असतं. तालमीत त्यानं मला एकदा विचारलंही होतं की असा माणूस तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे का. मी म्हटलं, नाही, आता काळ बदलला.

पात्राचा अभ्यास इथं फसला. पुस्तकं, जुने फोटो, साडीचं कापड यांत तो सोपा असतो. आपल्या ओळखीच्या स्वयंपाकघरात शिरायची वेळ आली की हात आखडतो.

*

शेवटचं दृश्य तुम्हाला आठवत असेल. बाहेर गावकरी जमतात, मंडळी भानावर येतात आणि कार्यक्रमाच्या तयारीला लागतात. बेणारे पडून आहे. मिसेस काशीकर तिला उठवायला बघतात, सगळं खोटंच तर होतं म्हणतात. आमच्या प्रयोगात सुखात्म्यांनी गाऊन काढला, झटकला आणि पुन्हा त्याच खुंटीवर नीट अडकवला. एकेक जण निघून गेला. शेवटी सामंत आला, त्यानं पुतण्यासाठी घेतलेला तो हिरव्या कापडाचा पोपट लांबूनच तिच्याजवळ ठेवला आणि गेला. रंगमंचावर खुंटीवरचा गाऊन आणि खाली ती, एवढंच राहिलं.

प्रयोगानंतर ती मुलगी कपडेपटात आली आणि साडीची घडी घालायला मला दुसरं टोक धरायला लावलं. कडीनं खरचटलेल्या बोटावर पट्टी होती. साडी परत पाठवू नका, मला ठेवू द्या, म्हणाली. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "नेसणार असेल तर ठेवू दे."

तुमच्या मंडळात किंवा मुलांच्या कॉलेजात कुणी हे नाटक करायचं म्हटलं तर जरूर करा. साडीची फार चिंता करू नका, ती मिळते आणि आठ दिवसांत अंगवळणीही पडते. काशीकरांचा बुशशर्ट कुणाच्या कपाटातून आणायचा ते मात्र आधी ठरवा. माझ्याकडे मागितलात तरी मिळेल.